ढाल हिसकावू नये: कोचिंगच्या नात्यातील संरक्षण यंत्रणा कशा ओळखाव्यात आणि कशा हाताळाव्यात

इंदुरात ‘मी कोचिंग करते’ असे सांगितले की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘भंवरकुआँला का?’ स्पर्धा परीक्षांच्या वर्गांनी हा शब्द या शहरात इतका व्यापला आहे की त्याचा दुसरा अर्थ दर वेळी समजावून द्यावा लागतो. या लेखात कोचिंग म्हणजे दोन माणसांमधला ठरवून केलेला, ठरावीक मुदतीचा संवाद. त्यात एकजण कामातली एखादी अडचण किंवा ध्येय घेऊन येतो आणि दुसरा तयार उत्तरे न देता त्याच्या विचारांना आणि कृतीला सोबत करतो. पीथमपूरच्या कारखान्यांतील व्यवस्थापक, सुपर कॉरिडॉरवरील संगणक कंपन्यांतील टीमप्रमुख, दवा बाजारातील घरच्या एजन्सीत उभी राहणारी मुले, काही शाळांच्या मुख्याध्यापिका अशी माणसे माझ्याकडे येतात. पुढील उदाहरणे या कामातूनच आली आहेत. मात्र ती अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेली असून ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

सुरुवातीच्या काळातील माझी एक चूक मात्र जशीच्या तशी सांगते. एक उत्पादन-व्यवस्थापक तीन बैठकांत मी म्हणेन त्याला ‘अगदी बरोबर’ म्हणत राहिले आणि ठरवलेली एकही गोष्ट त्यांनी केली नाही. चौथ्या बैठकीत मी त्यांना सरळ सांगितले की तुम्ही वस्तुस्थिती नाकारत आहात, मानसशास्त्रात याला ‘डिनायल’ म्हणतात. ते हसले, चहा संपवला, ‘अगदी बरोबर’ म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत. माझे निदान चुकले होते की नव्हते हा प्रश्न गौणच होता, कारण ते खरे असते तरी त्या क्षणी त्यांच्या हातातली ढाल ओढून घेण्याखेरीज मी दुसरे काहीही केले नव्हते.

आधी संकल्पना

असह्य वाटणारी भावना, इच्छा किंवा विचार जाणिवेपर्यंत पोहोचू नये म्हणून, किंवा पोहोचलाच तर त्याची धार बोथट व्हावी म्हणून, मन आपोआप जे डावपेच वापरते त्यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये ‘संरक्षण’ हा शब्द या अर्थाने वापरला. त्यांची कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये या यंत्रणांची पद्धतशीर मांडणी केली. दमन (नकोसे ते जाणिवेबाहेर दाबून ठेवणे), प्रतिगमन (लहान मुलासारखे वागू लागणे), प्रक्षेपण (स्वतःच्या मनातले दुसऱ्यावर लादणे), प्रतिक्रिया-निर्मिती (मनात असेल त्याच्या नेमके उलट वागणे) यांसारख्या नऊ यंत्रणा सांगून त्यांनी उदात्तीकरण (नकोशी ऊर्मी समाजाला मान्य अशा कामात वळवणे) ही दहावी त्यांना जोडली. पुढे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हॅलंट यांनी, हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या आणि त्याच माणसांना तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत न्याहाळणाऱ्या अभ्यासाच्या आधारे, या यंत्रणांची चार स्तरांत प्रतवारी लावली. तळाशी वास्तवाशी नातेच तोडणाऱ्या यंत्रणा आहेत, तर सर्वांत वर विनोद, परोपकार, उदात्तीकरण, येणाऱ्या संकटाची आधीच मनाशी तयारी करणे आणि एखादी गोष्ट जाणीवपूर्वक काही काळ बाजूला ठेवणे या परिपक्व यंत्रणा येतात. आपल्या कामासाठी या प्रतवारीचा अर्थ सरळ आहे: संरक्षण कोणाचेच सुटत नाही, ते वरच्या पायरीवर नेता येते.

यंत्रणा म्हणावी असे वर्तन आणि तसे नुसते दिसणारे वर्तन यांतला फरक मात्र आधी ध्यानात घ्यायला हवा. खोटे बोलणाऱ्याला आपण खोटे बोलत आहोत हे ठाऊक असते. संरक्षण करणाऱ्याला ते ठाऊक नसते, म्हणून त्याला ‘पकडल्याने’ काही साधत नाही. ज्याला अवघड संभाषण कसे सुरू करावे हेच कोणी शिकवलेले नाही, तो ते टाळतो तेव्हा त्याला सराव हवा असतो, अर्थ लावणारा माणूस नको असतो. आणि ज्याच्या घरी आजारपण आहे त्याने बैठक दोनदा पुढे ढकलली तर त्यामागे आजारपणच असते.

आपल्या म्हणींनी या यंत्रणा फार नेमक्या टिपल्या आहेत. नाचता येईना अंगण वाकडे, वड्याचे तेल वांग्यावर, चोराच्या मनात चांदणे, कळते पण वळत नाही या चार म्हणींत मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण मावते. अडचण इतकीच की म्हण बाहेर उभी राहून हसते. कोचिंग करणाऱ्याला अंगण वाकडे म्हणणाऱ्याच्या शेजारी उभे राहून, त्याला नाचायची एवढी भीती का वाटते, हे पाहायचे असते.

पहिली पायरी: भीती खरी तर नाही ना, हे तपासावे

संरक्षणाचा अर्थ लावण्याआधी त्या माणसाला खरोखर काही धोका आहे का ते पाहावे. कोचिंगचे पैसे कंपनी देत असेल आणि बैठकीत काय झाले याचा अहवाल वरिष्ठांकडे जाणार असेल, तर तिथे गप्प राहणे हा शहाणपणा आहे. घरच्या व्यवसायात हा पेच अधिक अवघड होतो, कारण फी वडील भरतात, मुलगा बैठकीला येतो आणि चार दिवसांनी वडिलांचा फोन येतो, ‘काय म्हणतोय आमचा?’ या फोनला काय उत्तर द्यायचे हे पहिल्या बैठकीच्या आधी, तिघांच्या उपस्थितीत, ठरलेले असावे. मी एक पानाचा करार लिहून घेते. बैठकांची तारीख आणि संख्या पैसे देणाऱ्याला कळेल, ध्येयाकडे झालेली प्रगती येणारा माणूस स्वतः सांगेल, आणि बाकीचे काहीही माझ्याकडून बाहेर जाणार नाही, अशी त्यातली मुख्य कलमे असतात. जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावी लागेल, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले असते. या करारानंतरही जो अडखळतो, त्याच्या अडखळण्याचा विचार करण्यात अर्थ आहे. करारच नसेल तर आपण परिस्थितीचा दोष माणसाच्या मनावर लादत असतो.

दुसरी पायरी: तीन बैठका केवळ टिपणे घ्यावीत

एकदा घडले तो प्रसंग, दोनदा घडले तो योगायोग असू शकतो; तीन वेगवेगळ्या वेळी, त्याच विषयापाशी, तेच घडले तरच मी त्याला नमुना मानते. वहीच्या पानावर तीन रकाने पुरतात: कोणता विषय चालला होता, माणसाने काय केले, आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आले. तिसरा रकाना पुष्कळजण गाळतात. तो का गाळू नये हे सहाव्या पायरीत येईल.

टिपायचे काय, तर आधी भाषा. मराठी क्रियापदे कर्त्याला फार सहज लपवतात. ‘मी अहवाल दिला नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘अहवाल राहून गेला’, ‘ते बोलणे झालेच नाही’, ‘विषय मागे पडला’ असे म्हणता येते आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही. तसेच ‘मी’च्या जागी ‘आपण’ किंवा ‘माणूस’ येतो: ‘माणूस थकतो हो कधी कधी.’ हे शब्द नेहमीचेच आहेत. पण जो माणूस कर्तृत्वाच्या गोष्टी ‘मी केले’ असे सांगतो आणि अपयशाच्या गोष्टी ‘होऊन गेले’ असे सांगतो, त्याच्या बोलण्यातील हा बदल नोंदवण्याजोगा असतो. याच्या उलट ‘मला राग आला’ या वाक्यात राग बाहेरून आल्यासारखा दिसतो म्हणून तिथे संरक्षण शोधू नये. ते आपल्या व्याकरणाचेच वळण आहे, आणि इंग्रजी पुस्तकांवरून शिकलेले प्रशिक्षक नेमके इथे फसतात.

इंदूरच्या मराठी माणसाबाबत आणखी एक खूण मला फार उपयोगी पडते, ती म्हणजे भाषा बदलणे. रामबाग किंवा लोकमान्य नगरात वाढलेला माणूस घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कार्यालयात हिंदी-इंग्रजी बोलतो, त्यामुळे एका भाषेतून दुसरीत जाणे हे इथे श्वास घेण्याइतके सहज आहे. परंतु मराठीत सुरू झालेले वाक्य दर वेळी वडिलांचा उल्लेख येताच ‘उनका अपना तरीका है’ असे हिंदीत संपू लागले, किंवा नोकरी गेल्याची गोष्ट तेवढी इंग्रजीत सांगितली जाऊ लागली, तर ती भाषा अंतर राखण्याचे काम करत असण्याची शक्यता आहे. नंतर शिकलेल्या भाषेत भावनेचा चटका कमी बसतो, हे भाषा आणि भावना यांच्या अभ्यासकांनीही नोंदवले आहे. अशा वेळी मी लगेच मराठीत ओढून आणत नाही. त्यांच्याच भाषेत दोन वाक्ये बोलते आणि पुढचा प्रश्न हळूच मराठीत विचारते. उत्तर कोणत्या भाषेत येते ते पाहिले की किती अंतर अजून हवे आहे याचा अंदाज येतो.

तिसरी पायरी: कोणती यंत्रणा आहे, याचा तात्पुरता अंदाज बांधावा

सर्व यंत्रणांची यादी पाठ करण्याची गरज नाही. कामाच्या संदर्भात मोजक्याच वारंवार भेटतात, आणि त्यांतील पाच समजून घेण्यासारख्या आहेत.

समर्थन ही सर्वांत सभ्य यंत्रणा. यात दिलेली कारणे बहुधा खरी असतात, म्हणूनच ती टिकतात. ऑडिट होते, दिवाळी होती, सीझन होता, हे सगळे खरेच असते; फक्त कारणे बदलत जातात आणि न केलेली गोष्ट तीच राहते. कारणाशी वाद घातला की माणूस त्याहून चांगले कारण शोधतो आणि आपण त्याला समर्थनाचा सराव देऊन बसतो.

बौद्धिकीकरण हे गेल्या काही वर्षांत फार वाढलेले दिसते. संगणक कंपनीतला तरुण टीमप्रमुख पहिल्याच बैठकीत स्वतःच्या स्वभावाचे वर्गीकरण, बालपणीच्या नात्यांचा प्रकार आणि मेंदूतल्या रसायनांची नावे सांगतो. त्याचे विश्लेषण पुष्कळदा बरोबरही असते, पण त्यात तो स्वतः कुठेही नसतो. कळते पण वळत नाही ती हीच अवस्था. इथे आणखी सिद्धांत देणे म्हणजे आगीत तूप ओतणे होय. त्याऐवजी एका ठरावीक क्षणावर यावे: ‘मंगळवारी दुपारी तिने राजीनाम्याचा विषय काढला तेव्हा तुम्ही कुठे बसला होता? पहिले वाक्य काय बोललात? हात कुठे होते?’ अशा प्रश्नांना सिद्धांतात उत्तर देता येत नाही.

विस्थापन ओळखणे सोपे, पण बाहेरून. साहेबांपुढे न निघालेला राग माल पोहोचवणाऱ्या पोरांवर निघतो आणि माणसाची तक्रार असते की हल्लीच्या पोरांना कामाची शिस्त नाही. रागाचे मोजमाप प्रसंगाशी जुळते का, एवढे पाहावे. एका चुकलेल्या बिलासाठी अर्धा तास ओरडणे झाले असेल तर उरलेले तेल कोणत्या वड्याचे, हा प्रश्न उभा राहतो.

प्रक्षेपणाबाबत मी फार सावध असते. ‘माझ्या टीमचा माझ्यावर विश्वास नाही’ असे म्हणणारी स्त्री स्वतः कोणावर विश्वास टाकत नसेल, असे होऊ शकते. तितकेच असेही होऊ शकते की टीम खरोखरच तिच्याविरुद्ध आहे आणि त्याला स्त्री अधिकाऱ्याचे वावडे हे कारण आहे. चोराच्या मनात चांदणे म्हणण्याआधी बाहेर चांदणे पडले आहे का, हे पाहून घ्यावे. मी अशा वेळी पुरावा मागवते: कोणी, कधी, काय केले, आणि त्याचा दुसरा अर्थ निघू शकतो का.

उरला होकार, म्हणजे माझ्या त्या उत्पादन-व्यवस्थापकांचा ‘अगदी बरोबर’. मनात खदखद आणि वर अतोनात आदर ही प्रतिक्रिया-निर्मितीची खूण असते. परंतु आपल्या घरांत मोठ्यांना उलट उत्तर द्यायचे नाही हे इतक्या लहानपणी शिकवले जाते की नुसता होकार म्हणजे कित्येकदा केवळ वळण असते. फरक ओळखायला मी ‘काही शंका आहे का?’ असे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ हेच येणार. ‘यातला कोणता भाग तुमच्या कारखान्यात चालणार नाही?’ असे विचारले की नाही म्हणण्याला परवानगी मिळते. वळणाने हो म्हणणारा माणूस लगेच दोन अडचणी सांगतो. संरक्षणाने हो म्हणणारा पुन्हा ‘सगळेच चालेल’ म्हणतो.

प्रतिगमन, म्हणजे ताणाखाली लहान मुलासारखे रुसणे किंवा असहाय होणे, आणि केलेले पुसून टाकण्यासाठी अति गोड वागणे, या यंत्रणाही भेटतात, पण त्या ओळखायला वेगळे कौशल्य लागत नाही. विनोदाविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण इंदूरचा माणूस दुःखही खिल्ली उडवत सांगतो. व्हॅलंट यांच्या प्रतवारीत विनोद सर्वांत वरच्या स्तरावर आहे, तेव्हा विनोद झाला की संरक्षण सापडले असे समजून भुवया उंचावू नयेत. कसोटी एवढीच की हसून झाल्यावर माणूस विषयाकडे परत येऊ शकतो का. येत असेल तर विनोदाने त्याला बळ दिले. दर विनोदानंतर विषय बदलत असेल तर विनोद दाराला कडी लावण्यासाठी वापरला जात आहे.

चौथी पायरी: ढालीमागे काय आहे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा

यंत्रणेचे नाव कळले की थांबण्याचा मोह होतो, पण नाव हे काम नव्हे. दोन प्रश्न वहीत लिहावेत: हे वर्तन उद्या थांबले तर या माणसाला काय अनुभवावे लागेल, आणि हे वर्तन आयुष्यात केव्हा उपयोगी पडले असेल? कडक वडिलांच्या घरात गप्प राहून निभावून नेलेला मुलगा चाळिसाव्या वर्षी बैठकीत गप्प राहतो, तेव्हा तो जुने आणि एके काळी यशस्वी झालेले औषध घेत असतो. हे लक्षात आले की आपल्या आवाजातली अधीरता आपोआप कमी होते, आणि समोरच्याला तो फरक शब्दांच्या आधी जाणवतो.

पाचवी पायरी: बोलावे, पण नाव घेऊ नये

अमेरिकेत दारूची समस्या असलेल्या लोकांबरोबर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की समुपदेशक समोरच्याचे बोलणे जितके अधिक खोडून काढू लागला, तितके त्या व्यक्तीचे पिणे वर्षभरानंतर अधिक होते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर हे त्या अभ्यासाच्या कर्त्यांपैकी एक. विरोध हा माणसाच्या आत साठलेला पदार्थ नसून दोघांच्या बोलण्यातून तयार होतो, ही त्यांची भूमिका कोचिंगलाही तंतोतंत लागू पडते. म्हणून ‘तुम्ही टाळत आहात’ हे वाक्य मी पूर्णपणे सोडले आहे.

दवा बाजारातील एका औषध एजन्सीत काम करणाऱ्या तरुणाशी झालेल्या बोलण्याचा हा भाग पाहा. मालाचा आणि उधारीचा हिशेब संगणकावर आणणे हे त्याने स्वतः ठरवलेले ध्येय होते.

‘ताई, सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात नक्की. सध्या सीझन आहे ना, म्हणून थांबलोय.’

‘मागच्या वेळी ऑडिट होतं, त्याआधी दिवाळी. दोन्ही कारणं खरी होती, सीझनही खराच असणार. मला एक वेगळंच विचारायचंय. समजा, सीझन संपला, ऑडिट नाही, सण नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता सॉफ्टवेअर सुरू करायचंय. त्या क्षणी सगळ्यात अवघड काय असेल?’

तो बराच वेळ बोलला नाही.

‘बाबांची वही बंद करावी लागेल.’

‘हं.’

‘कुणाची उधारी किती, कोण वेळेवर देतो, कोण टोलवतो, सगळं त्या वहीत आहे. अर्धं तर वहीतही नाही, त्यांच्या डोक्यात आहे. मशीनवर आलं की त्यांना कोण विचारणार?’

‘आणि तुम्हाला?’

‘मला सगळे विचारतील.’ मग जरा थांबून तो म्हणाला, ‘आणि मला नाही सांगता आलं तर?’

यात मी तीन गोष्टी केल्या. त्याची कारणे मान्य केली, त्यामुळे त्यांचे रक्षण करण्याची गरज उरली नाही. मग ती सगळी कारणे एका कल्पित सोमवारपुरती बाजूला ठेवली. आणि शांततेत मी काही भरले नाही. ते ‘हं’ म्हणण्यासाठी मला बरीच वर्षे लागली. ढालीमागे दोन भीती होत्या, वडिलांना निरुपयोगी ठरवण्याची आणि आपण अपुरे पडण्याची, आणि दोन्ही त्याने स्वतः उच्चारल्या.

असे काही उघड झाल्यावर लगेच मोठे पाऊल उचलायला लावू नये, कारण उघडी पडलेली भीती दुसऱ्या दिवशी अधिक जाड ढाल मागते. आम्ही वीस ग्राहकांचा हिशेब महिनाभर वहीत आणि संगणकावर दोन्हीकडे ठेवायचे ठरवले, आणि संगणकात प्रत्येक ग्राहकाविषयी शेरा कोणता लिहायचा ते बाबांनी सांगायचे. वेळेचेही भान ठेवावे: बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत असा प्रश्न कधीही काढू नये, कारण नाजूक जागा उघडी ठेवून माणसाला ए. बी. रोडच्या गर्दीत सोडणे बरे नव्हे.

सहावी पायरी: स्वतःच्या ढाली मोजाव्यात

येणारा माणूस आपल्या वडिलांशी, गुरुजींशी किंवा थोरल्या बहिणीशी जसा वागत आला तसाच तो कोचिंग करणाऱ्याशी वागू लागतो. याला भावसंक्रमण म्हणतात. तुम्ही त्याला ताई असाल तर तो ताईला दाखवायचे तेवढेच दाखवील. यात गैर काही नाही, पण त्याच्या अति कौतुकाने किंवा अचानक आलेल्या रागाने आपण कोणत्या भूमिकेत ओढले जात आहोत हे ओळखता यायला हवे. उलट दिशेने आपल्या मनात जे उठते त्याला फ्रॉइड यांनी १९१० मध्ये प्रतिसंक्रमण असे नाव दिले, आणि वहीतला तिसरा रकाना त्यासाठीच आहे.

माझी आवडती ढाल म्हणजे फळा. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आले की मला एकदम एखादी आकृती काढून दाखवावीशी वाटते. कोणाची ढाल सल्ला देण्याची असते, कोणाची दर वेळी धीर देण्याची, कोणाची घड्याळाकडे पाहण्याची. बैठकीनंतर पाच मिनिटे स्वतःला विचारावे की मी सर्वांत जास्त कुठे बोलले आणि त्याच्या लगेच आधी काय घडले होते. उत्तर बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या क्षणाकडे बोट दाखवते. हे एकट्याने पूर्ण दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा आपल्यापेक्षा अनुभवी व्यक्तीपुढे, नावे झाकून, आपले काम मांडण्याची सवय ठेवावी. ‘मला त्याची गरज नाही’ असे ज्या महिन्यात वाटेल त्या महिन्यात तर नक्की जावे.

सातवी पायरी: आपली हद्द ओळखावी

कोचिंग ही चिकित्सा नाही. दीर्घकाळ झोप उडणे, जगण्यात रस न उरणे, मरणाचे बोलणे, दारूचा वाढता आधार, जुन्या आघाताच्या आठवणींनी शरीर थरथरणे, किंवा वास्तवाचे भान सुटल्याच्या खुणा दिसल्या, तर संरक्षण यंत्रणांचा विचार तिथेच थांबवावा. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जाण्याविषयी स्पष्ट शब्दांत बोलावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. तो क्रमांक मी करारपत्राच्या तळाशीच छापून ठेवला आहे, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो वेगळा काढून देताना समोरच्याला आपल्याला वेड्यात काढले असे वाटत नाही. मरणाचा उल्लेख झाला असेल तर मात्र क्रमांक देऊन उठू नये. तसा विचार मनात येतो का हे सरळ विचारावे, आणि घरचे कोणी येईपर्यंत त्या माणसाबरोबर राहावे.

आठवी पायरी: बदल मोजावा आणि शेवटची बैठक चुकवू देऊ नये

संरक्षण सैल झाल्याचे पहिले चिन्ह बहुधा कृतीत नसते, वाक्यात असते. ‘ते राहून गेले’ म्हणणारा एके दिवशी ‘मी ते केले नाही, मला भीती वाटली’ असे म्हणतो. पोरांवर ओरडणारा ओरडतोच, पण त्याच संध्याकाळी त्याचे त्यालाच कळते; आधी हे कळायला आठवडा लागत असे. वागणे आणि ते कळणे यांमधली ही वेळ कमी होत गेली की काम पुढे सरकते आहे असे समजावे. जुन्या वहीतली पहिल्या तीन बैठकांची वाक्ये मी तारखेसह जपते आणि योग्य वेळी त्या माणसालाच वाचायला देते. त्यावर माझी टिप्पणी नसते.

निरोप जवळ आला की सगळ्या यंत्रणा एकदा परत हजेरी लावतात. ज्याचे नीट चालले होते त्याला अचानक जुनी अडचण पुन्हा जाणवते, किंवा ‘आता सगळे मस्त आहे, शेवटची बैठक कशाला?’ असा निरोप फोनवर येतो. त्यासाठी पहिल्या दिवशीच बैठकांची संख्या सांगावी, अखेरच्या दोन बैठका उरल्या की तसे आठवण करून द्यावी, आणि शेवटच्या बैठकीची फी आधीच घेतलेली असावी. हा शेवटचा नियम ऐकून लोक हसतात. पण तो केल्यापासून शेवटच्या बैठकीला येणाऱ्यांचे प्रमाण वाढले आहे, आणि औषध एजन्सीतला तो तरुणही त्या दिवशी आला होता. बरोबर बाबांची वही होती. संगणकात चढवायचे राहिलेले शेरे त्याला मला दाखवायचे होते, आणि त्यांतले कोणते त्याने स्वतः लिहिले आणि कोणते बाबांनी सांगितले हे तो न विचारता सांगत होता.